क्लाइव्ह गेल्यानंतरच्या मेंढ्या

मी एक जुनी कातर आहे, मित्रांनो. शिंप्याची नव्हे, मोटारीच्या जोरावर घरघरणारी, मेंढ्यांची लोकर उतरवणारी. ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीच्या मुलखात माझं आयुष्य गेलं. जे सांगणार आहे ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही.

माझा मालक मेला.

नाही. आधी तो जगला, तेवढं तरी सांगू द्या. क्लाइव्ह टॉली त्याचं नाव. लोकर अशी उतरवायचा की अंगरखा काढल्यासारखी अख्खी खाली यायची. शेजारच्या जागेवर धाकटा भाऊ मर्व्ह. दोघे कातरणीच्या या शेडमधून त्या शेडमध्ये हिंडत. प्रत्येक शेडचा मुकादम वेगळा, आणि प्रत्येक मुकादम त्यांच्या पगारातला म्हातारपणाचा वाटा वेगळ्याच फंडात भरी. हंगाम संपला की भाऊ गाडीत बसत; खातं तिथंच धुळीत राही.

मग एका हंगामाच्या मध्यावर गाडीपुढे कांगारू आला. गाडी उलटली. क्लाइव्ह गेला.

दफन झाल्यावर मर्व्हने मला उचललं आणि तो भावाच्या जागेवर उभा राहिला. मुकादमाला म्हणाला, "हंगाम उरकेपर्यंत नाव त्याचंच चालू दे. पगार बेटला पाठव. क्लाइव्हची जुनी बाकी आहे म्हणून सांग, नाहीतर ती घ्यायची नाही."

बेट म्हणजे क्लाइव्हची बायको. मुकादमाने मान डोलावली.

त्या दिवसांत मी मर्व्हच्या मुठीत होते, पण चालत होते क्लाइव्हसारखी. लांब, सावकाश, कातडीला ओरखडा न काढता. मर्व्हला तसं कधीच जमलं नव्हतं. मला ते अजून उलगडलेलं नाही.

पुढे नवी कातर आली. मी स्वयंपाकघरातल्या खणात पडले.

मर्व्हची कंबर गेली तेव्हा जोडी नावाची त्याची मुलगी विखुरलेली खाती गोळा करायला बसली. फोनवर फोन. कुठली शेड, कुठला मुकादम?

"बाबा, बायको एकच केलीत, पण मुकादम दर हंगामाला नवा."

"मुकादम स्वयंपाक करत नव्हते. त्यांना सोडणं सोपं."

खाती सापडत गेली. बरीचशी फंडांनी दरवर्षी कापलेल्या सांभाळणावळीनेच पोखरलेली, आत दाणा नसलेल्या शेंगांसारखी. सगळी एकात ओतली, तरी मर्व्हला पुढच्या हंगामाची कातरणी टाळण्यापुरतं थोडं कमीच पडत होतं. आणि एका हंगामाचा उत्तरार्ध मर्व्हच्या नावावर कुठेच नव्हता.

बेटकाकूच्या सहीने जोडी क्लाइव्हकाकाचंही खातं शोधत होती. तो अर्धा हंगाम तिथं निघाला. फंडातली बाई चाचरत म्हणाली की खातेदार वारल्यानंतरही, हंगाम संपेपर्यंत, त्यांचा भरणा येत होता.

जोडीने तारखा ताडून पाहिल्या. मग बापाला म्हणाली, "हा तुमचा घाम आहे. तसं लिहून द्या, म्हणजे पुन्हा वाकायला नको."

तसं लिहून दिलं तर तेव्हा मिळालेला पगार क्लाइव्हची जुनी बाकी नव्हती हे बेटला कळलं असतं. मर्व्हने त्या खात्यातलं सगळं तिलाच द्यायला सांगितलं.

पण खात्याच्या कागदावरच्या तारखा बेटलाही वाचता येत होत्या. ती आली. पुढे ठेवलेला चहा तिने घेतला नाही.

"मर्व्ह, तो गेल्यावर मेंढ्या कोण कातरत होतं?"

"तोच," मर्व्ह म्हणाला. "मी नुसता उभा होतो."

बेट उठली. जाताना दारात थांबली.

"मग त्याला सांग, पैसे पोचले."

त्या हंगामात मर्व्ह पुन्हा मेंढ्यांवर वाकला. जोडीने त्याच्या कंबरेला आधाराचा पट्टा आवळून दिला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या थकलेल्या माणसांना, ती बोलती आहेत तोवर, जवळ बसून विचारा: तुमचा घाम कुठे कुठे ठेवून आलात? आणि कुणाच्या नावावर? आम्हा वस्तूंना सगळं आठवतं. पण खण उघडून आमच्याकडे पाहिलंत, तर तुम्हाला फक्त लोखंड दिसेल.