सिस्टरांसाठी घेतलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. बिबवेवाडीतल्या एका छोट्या दवाखान्यात, सिस्टरांच्या टेबलामागे माझा मुक्काम असतो. मला घेतलं ते सिस्टरांना बसायला. पण मित्रांनो, नशिबापुढे कोणाचं चालतं? माझ्यावर नातेवाइकांच्या पिशव्या बसल्या, शहाळी बसली, एकदा तर कोणाच्या तरी मामांनी अख्खी दुपार डुलकी काढली. सिस्टर मात्र कधी बसल्या नाहीत. बसलेली सिस्टर कामचुकार दिसते, असं मोठ्या डॉक्टर राजनंदिनीबाईंचं मत होतं. माझा रंग उडाला, एक पाय डुगडुगू लागला, तरी माझा जन्म काही सार्थकी लागेना.

त्या दिवशी दुसऱ्या सिस्टर तापाने आडव्या झाल्या, म्हणून रुपाली सिस्टर रात्रपाळी संपवूनही घरी गेल्या नव्हत्या. भर दुपारी त्या सुई घेऊन गोपाळकृष्णकाकांच्या खाटेपाशी आल्या. काकांचं बुधवार पेठेत विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनी ट्रेवरची चिठ्ठी वाचली आणि शर्टाची बाही खाली ओढली.

"सिस्टर, हे इंजेक्शन शेजारच्या रामदासांचं आहे."

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. माझे तर चारही पाय लटपटले. आता काका आरडाओरडा करणार आणि सिस्टरांची नोकरी जाणार, असंच मला वाटलं. पण काकांनी फक्त जेवण झालं का, ते विचारलं. सिस्टरांनी नाही म्हणून मान हलवली. सकाळपासून पोटात चहाच होता.

"मी जन्मभर दुपारी एक ते चार जेवायला, झोपायला दुकान बंद ठेवलं," काका म्हणाले. "लोक नावं ठेवायचे. पण पेंगुळल्या हाताने मी वायरसुद्धा जोडली नाही. तुम्ही तर सुई टोचता. आधी बसा."

आणि सिस्टर माझ्यावर बसल्या! मला इतका आनंद झाला की मी कुरकुरायची विसरले.

त्यांनी डबा उघडला, दुसरा घास घेतला आणि नेमक्या राजनंदिनीबाई आल्या. सिस्टर धडपडत उठल्या. घडलेलं सगळं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. बाईंनी ट्रेवरची चिठ्ठी स्वतः वाचून पाहिली. मग म्हणाल्या, "बसा, जेवून घ्या. इंजेक्शनं मी देते."

त्यांनी हात धुतले, काकांची सुई भरली. काकांनी बाही पुन्हा खाली ओढली.

"आपण जेवलात का?"

बाईंनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. त्यांनी आणखी एक खुर्ची मागवली.

मित्रांनो, दवाखान्यात गेलात तर सिस्टरांना, डॉक्टरांना एवढं जरूर विचारा. तुमचं इंजेक्शन थोडं उशिरा मिळेल, पण तुमचंच मिळेल.