चौघांनी धरलेलं टेबल

मित्रांनो, नीट उभं राहून तुमच्याशी बोललो असतो, पण माझा एक पाय मोडलाय आणि तो मोडलेलाच ठेवायचा असा वरून हुकूम आहे. तेव्हा जसा आहे तसा बोलतो. मी लाकडी टेबल आहे, सहा नंबरचं. लंडनच्या एका नाट्यगृहात गेली पाच वर्षं मी एकाच नाटकात काम करतोय, आठवड्याला आठ प्रयोग. टेबलाला पाच वर्षं म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी उंच टाचांचे बूट घालून चढत नाही, म्हणून तसं वाटतं.

डेप्टफर्डच्या कारखान्यात कोलम नावाच्या सुतारानं मला घडवलं. लाकूड एका पाडलेल्या चर्चच्या बाकांचं. त्या बाकांनी शंभर वर्षं प्रवचनं ऐकली होती, त्यामुळे बसल्या जागी ऐकून घ्यायची सवय माझ्या अंगातच आहे. कोलमनं माझ्या पोटाखाली आडवी लोखंडी पट्टी बसवली, स्वतः वर चढून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "हं, आता नाच म्हणावं कोणाला नाचायचं ते." त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

आमचं नाटक जुनं आहे. बंदरावर खानावळ चालवणारी नॅन, तिचा दर्यावर गेलेला नवरा आणि पोटभर गाणी. तुमच्या आजोबांच्या काळात ते एकदा गाजून गेलं होतं. नव्या मंडळींनी ते पुन्हा उभं करताना ठरवलं की प्रेक्षकांनी आता नाटकासमोर बसायचं नाही, नाटकात बसायचं. खुर्च्यांच्या रांगा उखडल्या, सगळ्या नाट्यगृहाची खानावळ केली आणि आम्हा तीस टेबलांना मांडलं. तिकीट काढून आत आलात की तुम्ही नॅनचं गिऱ्हाईक. नटनट्या तुम्हाला सूप वाढतात, तुमच्या कानाशी येऊन भांडतात. दुसऱ्या अंकात नवऱ्याचं जहाज बुडाल्याची बातमी येते, तेव्हा नॅन माझ्यावर चढते आणि ते एक गाणं म्हणते. खरं सांगायचं तर लोक त्या गाण्यासाठीच येतात.

पहिलं वर्ष काय सांगू! वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने छापून आले. माझ्यापाशी बसायला लोक सहा-सहा महिने आधी नाव लावत. एका बाईंनी जाताना माझा मुका घेतला होता. मग पहिली नॅन गेली, दुसरी आली, आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नवी नॅन. कोणी सिनेमातली, कोणी टीव्हीवरची. माझ्यावर कोपरं टेकून माणसं काय काय बोलतात ते मी गेली पाच वर्षं ऐकतोय.

"हिचं नाक बघ किती शोभतंय या कामाला!"

"नाक गाणार आहे का? पहिलीची सर नाही हिला."

"अगं, पण तू पहिली पाहिलीच कुठे होतीस?"

"नसेना का. ऐकलंय मी."

असं सगळं. आता सवय झाली.

अशा बोलणाऱ्यांतल्या एक हिल्डा प्रॉसर. क्रॉयडनला एका शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या बाई. दर तीन-चार महिन्यांनी बुधवारच्या दुपारच्या प्रयोगाला येणार, सोबत नणंद मर्टल, आणि बसणार माझ्याकडेच. हिल्डाबाईंना प्रत्येक नॅनबद्दल मत होतं आणि ते तीन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात होतं.

आणि नाटकवाल्यांतली विन्सम. ती आमच्याकडे पहिल्या वर्षापासून सूप वाढायचं काम करते. पण तेवढंच तिचं काम नाही. नॅन आजारी पडली की नॅन व्हायचं तिनंच. बदली नटी म्हणतात तिला. अशा वेळी कार्यक्रमपत्रिकेत एक पांढरी चिठ्ठी घालतात, की आज नॅनची भूमिका विन्सम बॅप्टिस्ट करतील. माणसं खुर्चीत बसतात, पत्रिका उघडतात, चिठ्ठी मांडीवर पडते आणि तोंडं वाकडी होतात. मी ती तोंडं इतक्या जवळून पाहिलीत की मला आता त्यांचाही कंटाळा आलाय.

पण तुम्हाला खरं सांगतो, माझ्यावर चढलेल्या सगळ्या नॅनांमध्ये पाय ठेवायचं कोणाला कळलं असेल तर ते विन्समला. ती नेमकी पट्टीवर उभी राहायची. गाणं म्हणताना तिची टाच थरथरायची आणि ते फक्त मलाच कळायचं. दिग्दर्शकानं तिला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, "निर्मात्यांना एकदा तुझा प्रयोग बघू दे. पुढची नॅन तूच." तेव्हापासून ती वाट बघत होती. ती नॅन झाली की निर्माते गावाला, आणि निर्माते आले की ती सूप घेऊन उभी. तीन वर्षं हेच.

गेल्या वर्षी टॅमसिन रोव आली. टीव्हीवरच्या एका मालिकेत ती गुराढोरांची डॉक्टर होते. बाई स्वभावानं बरी, पण माझ्यावर ती भलत्याच जागी धाडकन पाय आपटायची. दोन महिन्यांत पट्टीचा बोल्ट सैल झाला. कोलमनं वर जाऊन सांगितलं, "सहा नंबर उतरवायला हवं. पाय जाईल." वरून उत्तर आलं की नाटक तसंही पुढच्या वर्षी बंदच होणार, तोवर घे चालवून. कोलमनं मला दोरीनं आवळलं आणि हळूच थोपटलं. त्याला दुसरं काय करता येणार होतं?

मग तो बुधवार आला. हिल्डाबाई येऊन बसल्या आणि कोट काढायच्या आधीच म्हणाल्या, "मर्टल, झटक ती पत्रिका. चिठ्ठी पडते का बघ."

"नाही पडली."

"सुटलो बाई! मागच्या खेपेला माझ्या बहिणीची बदलीवर बोळवण केली मेल्यांनी. तेवढ्यासाठी का एवढ्या लांबून यायचं?"

विन्सम तेव्हा त्यांच्याच वाटीत सूप ओतत होती. "गरम आहे, सांभाळून," एवढंच म्हणाली. पळी मात्र क्षणभर थांबली होती.

मध्यंतरात सगळे आइस्क्रीम खात असताना घोषणा झाली. टॅमसिन रोव यांचा आवाज बसल्यामुळे उरलेल्या प्रयोगात नॅनची भूमिका विन्सम बॅप्टिस्ट करतील. तीसही टेबलांवरून एकदम उसासा निघाला. माझ्याच शेजारचे एक गृहस्थ ताडकन उभे राहिले. "आम्ही बर्मिंगहॅमहून आलो ते त्या डॉक्टरीणबाईंना बघायला! ही कोण?"

"ऊठ हिल्डा," मर्टल म्हणाली. "आत्ता निघालो तर पैसे परत देतात."

"तू जा रांगेत. माझा गुडघा धरलाय. शिवाय आइस्क्रीम आहे अजून."

मर्टल गेली. बर्मिंगहॅमचे गृहस्थ बायकोनं हात ओढला म्हणून खाली बसले. तेवढ्यात मला दिसलं, मागच्या दाराशी हाताची घडी घालून निर्माते उभे होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. विन्समलाही ते दिसले असणार. आणि मित्रांनो, मी घाबरलो. कारण माझा बोल्ट पहिल्या अंकातच निखळून पडला होता आणि ते मला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. मला ओरडून सांगता आलं असतं तर! पण टेबलाचं कोण ऐकतो?

विन्सम आली. जहाज बुडालं. ती माझ्यावर चढली, नेहमीसारखी बेतानं, पट्टीवरच. गाण्याची तिसरी ओळ चालू होती आणि माझा पाय मुडपला.

मी कलंडलो. ती एका गुडघ्यावर आली. सगळं नाट्यगृह बघत राहिलं, कारण आमच्याकडे काय खरं आणि काय नाटकातलं हे कोणाला कधी कळतच नाही. कळलं फक्त हिल्डाबाईंना. शाळेत पन्नास-पन्नास पोरांची पातेली उचललेल्या बाई त्या. आइस्क्रीम फेकून त्यांनी माझ्या कडेखाली खांदा घातला आणि बर्मिंगहॅमकरांवर खेकसल्या, "अहो, बघताय काय शुंभासारखे! धरा की!"

त्यांनी धरलं. त्यांच्या बायकोनं धरलं. हिरव्या नखांची एक कॉलेजातली मुलगी होती, तिनं धरलं. विन्समनं एकदा खाली पाहिलं. चार अनोळखी माणसं तिला तोलून उभी होती. ती सावकाश सरळ झाली आणि पुढचं सगळं गाणं त्या चौघांकडे बघून म्हणाली. नवरा बुडालेली बाई आणि तिला खाली पडू न देणारी गिऱ्हाइकं. असं गाणं मी पाच वर्षांत ऐकलं नव्हतं. हिल्डाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कडेवरून खाली ओघळत होतं. गाणं संपलं आणि सगळे उभे राहिले.

मर्टल धापा टाकत परत आली. "रांग केवढी मोठी! काय झालं? बघायचं चुकलं का काही?"

"चुकलं," हिल्डाबाई म्हणाल्या. "आणि बदली कोणाला म्हणायचं नाही यापुढे. माझ्यासमोर तर नाहीच."

प्रेक्षक गेले तसे निर्माते पुढे आले. विन्सम नॅनची शाल पांघरून तिथेच उभी होती. दिग्दर्शक तिच्या शेजारी. निर्मात्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली.

"हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"कोणाच्याच नाही साहेब," कोलम म्हणाला. "बोल्ट गेला. मी तर—"

"अप्रतिम! हे ठेवा. उद्यापासून रोज पाय मोडायचा, चौघांनी धरायचं. अख्ख्या लंडनमध्ये याचीच चर्चा होईल." मग त्यांचं लक्ष विन्समकडे गेलं. "आणि तू... छान सावरून घेतलंस हं." आणि ते गेले. दिग्दर्शक त्यांच्यामागून गेला, विन्समकडे न बघता.

विन्सम माझ्या मोडक्या कडेवर बसली. "कोलम, आज तरी मला वाटलं होतं रे."

"मलाही."

"त्यांनी टेबल पाहिलं. मला नाही पाहिलं."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. पण मी मोडलो नसतो, तर त्यांना बघायला तीच उरली असती ना?

आठ दिवसांत बाहेर नवा फलक लागला. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जिंकलेली एझ्मी नावाची मुलगी. बावीस वर्षांची, आवाज गोड आणि भयंकर घाबरट. तेव्हापासून माझा पाय नुसत्या एका खुंटीवर अडकवून ठेवतात आणि रोज ती ओढून तो पाडतात. चार प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. कोणी एका हातानं धरतो, कारण दुसऱ्या हातात मोबाइल असतो. कोणी हसत हसत धरतो. "काय कल्पना आहे!" म्हणतात. बुधवारी आणि शनिवारी तर दोन-दोनदा मोडतो मी. चिरा वर चढत चालल्यात. कोलम रोज त्या बोटानं चाचपून बघतो आणि मान हलवतो.

गेल्या महिन्यात हिल्डाबाई आल्या, एकट्याच. विन्सम सूप घेऊन आली तेव्हा म्हणाल्या, "खिडकीवर विचारलं, विन्सम आहे का आज? तो म्हणाला, नॅनच्या कामात नाही. म्हटलं, अरे, सूप वाढायला आहे का? म्हणाला, आहे. म्हटलं, मग दे तिकीट."

विन्सम हसली. आणि तिनं त्यांच्या वाटीत आणखी थोडं सूप ओतलं.

दुसऱ्या अंकात एझ्मी चढली, पाय पडला, चौघांनी धरलं. एका कोपऱ्याला हिल्डाबाई होत्या. समोरच्या कोपऱ्यावरच्या माणसानं फोटो काढायला हात सोडला आणि मी खराखुरा कलंडायला लागलो. एझ्मीचा सूर कापला. पोर पडणार होती. तेवढ्यात हातातला सुपाचा ट्रे खाली टाकून विन्सम धावली आणि त्या कोपऱ्याखाली शिरली. दोन्ही हात, खांदा, मान, सगळं लावून तिनं मला वर उचललं. वर एझ्मी ते गाणं म्हणत होती आणि खाली विन्समचे ओठ तेच शब्द बिनआवाजाचे म्हणत होते. लोक म्हणाले, वा!

माझ्या पोटाखालून हिल्डाबाई तिच्याकडे बघत होत्या. रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पोरी, तू वर असायला हवी होतीस गं."

"मिसेस प्रॉसर," विन्सम दात आवळून म्हणाली, "नीट धरा. ती लहान आहे. पडेल."

तेव्हापासून तो कोपरा रोज विन्समच धरते. मित्रांनो, मी फार थकलोय. मला वाहवा नको आणि वर्तमानपत्रात फोटोही नको. तुमच्यापैकी कोणाची त्या वरच्या लोकांशी ओळख असेल तर एवढं सांगा, की कोलमला एक बोल्ट आणि अर्धा तास द्या. माझा पाय बसला की विन्समचे हात मोकळे होतील.