उशिराचं कारण

नांदेडच्या आयकर कार्यालयाचा जिना चढताना हुस्ना इतकी मागं राहत होती की तिच्या थोरल्या दिरानं, मोहियोद्दीननं, दोनदा मागं वळून पाहिलं. खोटं बोलणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं. लहानपणी चोरून चिमूटभर साखर खाल्ली तरी आईला ती तिच्या चेहऱ्यावर दिसायची. आणि आज तर साक्षात सरकारशी खोटं बोलायचं होतं!

"डरनेका नै, दुल्हन," मोहियोद्दीन म्हणाला. लग्नापासून तो तिला याच नावानं हाक मारायचा. "जित्ता पूछे उत्ताच बोलनेका."

हुस्नाचा नवरा मुज्तबा बिलोलीत पेंटर होता. नगरपालिकेच्या भिंती रंगवल्या त्या बिलातून कर कापला गेला होता. तो परत मिळणार होता, पण रिटर्न भरलं तर. मुज्तबाचं सगळंच उद्यावर! आणि ऑक्टोबरात एका दुपारी तो शिडीवरून उतरला, छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. डिसेंबरअखेरची शेवटची तारीख आली तेव्हा हुस्ना इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस विधवेनं उंबरठा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. आता उशीर माफ करून रिटर्नला मुदत द्या, असा तिचा अर्ज होता. मुदत मिळून कराचे पैसे परत आले तर मुज्तबाच्या दुकानाचं थकलेलं भाडं भरून तिथं तिला शिलाई मशीन टाकता येणार होती. नाही मिळाली तर मालक कुलूप बदलायला टपलेलाच होता.

"इद्दत कौन समझेगा वहां?" असं म्हणून मोहियोद्दीननं एका ओळखीच्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणलं. हुस्ना टायफॉइडनं वीस डिसेंबर ते पाच जानेवारी नांदेडच्या दवाखान्यात भरती. माणूस वाईट नव्हता हो. भाऊ गेल्यापासून तिच्या घरचं रेशन तोच भरत होता. सरकारी शिपायाच्या पगारात दोन चुली पेटवणं सोपं नसतं.

आत फक्त अर्जदाराला बोलावलं. टेबलामागं अधिकारी दीपमाला मॅडम बसल्या होत्या. आवाज चढा नव्हता, आणि त्याचीच हुस्नाला जास्त धास्ती वाटली.

"सोळा दिवस भरती होतात?"

"हाव, मॅडम."

"मधी एकदा पण घरी गेला न्हाईत?"

"न्हाई."

मॅडमनी फाइलमधून एक कागद काढून तिच्यासमोर सरकवला. "तुमच्या मिस्टरांच्या नावानं आम्ही पत्र पाठवलं होतं. अठ्ठावीस डिसेंबरला बिलोलीत कुणी घेतलं?"

पोचपावती होती. खाली सही, हुस्ना. पोस्टमननं पडद्याखालून कागद आत सारला होता, तिनं फरशीवर ठेवूनच सही केली होती. तीच वाकडी सही आजच्या अर्जावरही होती, अगदी शेजारी शेजारी.

तिची पाचावर धारण बसली. आता पोलीस येणार, हातात बेड्या पडणार, बिलोलीभर बोभाटा होणार. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"पाणी घ्या," मॅडम म्हणाल्या.

पाणी पिऊन हुस्नानं एका दमात सांगून टाकलं. "म्या घरीच होते. इद्दतीत बसले होते. बिमार न्हवते, मॅडम. कागद खोटा हाय."

मॅडमनी पोचपावती परत फाइलमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "हेच लिहायचं होतं की."

"कोन ऐकंल म्हनून..."

"सर्टिफिकेट कुणी आणलं?"

दाराबाहेर बाकावर मोहियोद्दीन बसला होता. त्याची नोकरी, त्याची तीन लेकरं.

"म्याच आणलं."

"मग तसं लिहून द्या. अर्ज वर जाईल, त्याच्यासंगं हेही जाईल. मुदत मिळंल का न्हाई, ते मी सांगू शकत न्हाई. खोट्या कागदाची विचारणा मात्र होईल, आन् ती तुम्हालाच होईल."

हुस्नानं लिहिलं, सही केली आणि बाहेर आली.

मोहियोद्दीन ताडकन उठला. "क्या हुआ?"

"पकडे, भाईजान. झूठा कागज लगाया करके लिख को दी मैं."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो तिच्या अगदी जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मेरा नाम तो नै लिखी ना?"

दुकानाचं त्यानं विचारलं नाही. तिला काय होईल, हेही विचारलं नाही.

"नै. मेरा अकेलीकाच लिखी."

मोहियोद्दीननं डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास ऐकून हुस्ना जेवढी घाबरली, तेवढी ती आत मॅडमसमोरही घाबरली नव्हती.