रेघ असलेली गोळी

कंपाउंडरांच्या हातच्या औषधानं चाळीस वर्षांत एकाही माणसाचं वाकडं झालं नव्हतं. हे लोक म्हणत होते असं नाही, ते स्वतःच म्हणत, आणि दिवसातून एकदा तरी म्हणतच. ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते. गल्लीत तिला सगळे शिलाईवाली म्हणत. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, जे येईल ते शिवायची. तिलाही नवऱ्याचं ते म्हणणं खरंच वाटायचं, कारण ते खरंच होतं.

बावीस वर्षांपूर्वी तिला थायरॉइड निघाला, तेव्हापासून गोळ्यांचं खातं कंपाउंडरांकडे. पहाटे पाचला ते उठत, तिच्या तळहातावर गोळी ठेवत, पाणी देत आणि बजावत, ‘‘आता तासभर तोंडात काही नाही. चहासुद्धा नाही.’’ ताप असो, भांडण असो, लेकीच्या लग्नाची धांदल असो, या बावीस वर्षांत एक पहाट चुकली नाही. प्रेमाचे चार शब्द बोलायला सांगितलं असतं तर त्या माणसाची बोबडी वळली असती. गोळी मात्र वेळेवर.

मग तीन महिन्यांपूर्वी तिच्या रक्तात साखर निघाली, म्हणजे मधुमेह. तिनं कपाळाला हात लावला. कंपाउंडरांना मात्र, खोटं कशाला बोला, थोडा हुरूपच आला. तेव्हा दुकान सोडून त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. ‘‘कंटाळा आला,’’ एवढंच कारण त्यांनी घरात सांगितलं होतं, आणि मग दिवसभर खिडकीशी बसून राहत होते. आता पुन्हा काम मिळालं. थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी, साखरेची न्याहारीला बसताना. औषधाची चमचमती पाकिटं त्यांना मुळीच खपत नसत. सगळ्या गोळ्या सोलून ते तपकिरी बाटल्यांत भरत आणि वर आपल्या हातानं चिठ्ठी डकवत, जुन्या दुकानातल्यासारखी. दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणून त्यांनी दोन बाटल्या भरल्या. इथंच घात झाला.

शिलाईवालीला सकाळी सकाळी घाम फुटायला लागला. हात थरथरायचे. सुईत दोरा ओवायला एक क्षण पुरायचा, तिथं पाच पाच मिनिटं जायला लागली. साखर झालीय म्हणजे असं होणारच, अशी तिनं समजूत घातली. एरवी पहाटेची गोळी ती अर्धवट झोपेतच गिळून टाकायची. एके पहाटे गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला तोंडाशी नेताना ती थबकली. जिभेला रेघ लागत होती. गोळीच्या मधोमध, मोडायला असते तशी. बावीस वर्षं ती जी गोळी घेत होती, ती सपाट गुळगुळीत होती. रेघ होती ती साखरेच्या गोळीला. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. पण कापडाचा सुलटा-उलटा अंधारात बोटांनी ओळखणारी बाई ती, तिला कळायला काय वेळ?

तिनं वर पाहिलं. कंपाउंडर दिव्याखाली उभे होते. बाटली डोळ्याला चिकटेल इतकी जवळ धरून त्यांनी चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला, आणि मग न वाचताच फळीवर ठेवून दिली.

अगं बाई! दुकान का सोडलं ते तिला त्या क्षणी कळलं. माणसाला दिसत नव्हतं, आणि त्यानं हे कुणाला, बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुकान गेलं ते गेलंच, आता हेही काढून घेतलं तर या माणसाकडे उरेल काय? तिनं गोळी गिळली. दुपारी ते झोपले की गुपचूप बाटल्यांतल्या गोळ्या अदलाबदल करायच्या, कुणाला पत्ता लागायचं कारण नाही, असं तिनं ठरवलं.

पण त्याच सकाळी तपासणीला जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. साखर कधी तळाला, कधी आभाळाला. थायरॉइड तर पार बिघडलेला.

‘‘गोळ्या वेळेवर घेता ना?’’

‘‘मी स्वतः देतो,’’ कंपाउंडर ताठ होऊन म्हणाले. ‘‘चाळीस वर्षांचा हात आहे हा.’’

‘‘मग पोटात जात नाहीयेत. किंवा देण्यात काही गडबड होतेय. कोणती कधी देता ते जरा दाखवा बघू, बाटल्या आणल्यात का?’’

कंपाउंडरांचा हात पिशवीकडे गेला. शिलाईवालीनं ते पाहिलं. आता इथं, या पोरीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंसमोर, सगळं उघडं पडणार. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘मीच थुंकते. कंटाळा येतो हो रोज रोज. यांची पाठ वळली की थुंकून टाकते.’’

डॉक्टरीणबाईंनी तिला फैलावर घेतलं ते घेतलंच. तिला त्याचं काही वाटलं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे मात्र तिला बघवेना. घरी आल्यावर दारात चपला काढताना ते एवढंच म्हणाले, ‘‘बावीस वर्षं थुंकत होतीस?’’

‘‘छे हो, आत्ताच. थोडे दिवस.’’

ते ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेले. दुकानात विषारी औषधं कुलपात असत. तसंच त्यांनी पत्र्याचा डबा काढला, दोन्ही बाटल्या आत ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. दुपारी ते झोपले, पण किल्ली छातीवर.

दुसऱ्या पहाटेपासून ते समोर उभे राहून गोळी देत. ‘‘आ कर. जीभ वर कर.’’ शाळेतल्या पोरासारखी ती तोंड उघडून दाखवायची. वर थायरॉइडची गोळी नीट लागू पडावी म्हणून त्यांनी तासाचा दीड तास केला, आणि तोवर जागचे हलत नसत. बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकायची सोय राहिली नाही. रोज ठरवायची, आज सांगते. रोज त्यांचा तो दुखावलेला चेहरा बघायची आणि गिळायची. गोळीही आणि शब्दही. एवढा लाड कुणी कुणाचा करू नये, पण ती करत होती.

पाचव्या सकाळी गणवेशाची बाही शिवताना टीप वाकडी गेली, मशीन दुरून कुठून तरी ऐकू यायला लागलं, आणि ती बाजूला कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा तोंडात साखरेचं पाणी होतं आणि हनुवटी चिकट झाली होती. कंपाउंडरांनी तिचा घामेजला हात धरला मात्र, साखर उतरलीय हे ओळखलं होतं. चाळीस वर्षांचा अनुभव काही डोळ्यांत नव्हता. पण साखरेची गोळी न्याहारीला द्यायची, आणि न्याहारी तर अजून झालीच नव्हती. मग साखर उतरली कशी?

तिनं मान वळवली. ते जमिनीवर बसले होते. कुलूप उघडं होतं. गणवेशाच्या निळ्या कापडावर त्यांनी दोन्ही बाटल्या ओतल्या होत्या आणि एकेक गोळी अंगठ्याखाली घासून बघत होते.

‘‘हिला रेघ आहे,’’ ते म्हणाले. मग ती गोळी बाजूला ठेवली. ‘‘तुला माहीत होतं?’’

तिनं खोटं बोलायचा विचार केला. अंगात त्राणच नव्हतं. ‘‘डॉक्टरांकडे गेलो, त्या पहाटे कळलं.’’

‘‘आणि तरी गिळत राहिलीस. माझ्यासमोर. तोंड उघडून दाखवत.’’

‘‘तुम्हाला वाईट वाटलं असतं.’’

त्यांनी तिच्याकडे तोंड केलं, पण नजर तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, भिंतीवर पडली. तेवढंही आता दिसत नव्हतं त्यांना. त्यांनी गळ्यातला दोरा ओढून काढला, चाचपडत तिचा हात शोधला आणि किल्ली त्यात ठेवली.

‘‘तू गेली असतीस,’’ ते म्हणाले. ‘‘आणि मला कधी कळलंच नसतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत बसलो असतो, मी तर रोज देत होतो हो, तीच थुंकायची.’’

शिलाईवालीनं तोंडावर हात घेतला आणि ती रडायला लागली. त्यांचा मान राखला, असंच तिला इतके दिवस वाटत होतं.