विचारतोय, पण अंधारात

ताईच्या दुकानातल्या कम्प्युटरने मान टाकली आणि तिच्या धाकट्या भावाच्या उत्साहाला ऊत आला. घरात त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणत. कधीकाळी त्याने इस्त्री दुरुस्त केली होती, तेवढ्या भांडवलावर त्याने हे पद आजवर टिकवलं होतं.

ताईचा मात्र जीव टांगणीला लागला होता. भरतकामाचं मशीन नुसती सुई चालवायचं. सुईने कुठे वळायचं, दोरा कुठे बदलायचा, हे ताई कम्प्युटरवर एकेक टाका मांडून ठरवायची. उमेदीची सगळी वर्षं घालून केलेली तिची नक्षी त्यात होती, आणि ती दुसरीकडे उतरवून ठेवायचं काम ‘उद्या करू’ म्हणत राहून गेलं होतं. आता कम्प्युटर लावला की पडदा बराच वेळ काळा राहायचा आणि मग एकच ओळ उमटायची, सुरू होता येत नाही म्हणून. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला होता, ‘संध्याकाळी येतो, आतलं सगळं पुसून नव्याने भरतो.’ तो ‘सगळं’ इतक्या सहज म्हणाला की ताईने जेवणाचं ताट बाजूला सारलं.

आशा उरली होती ती भावजयीने ऑफिसातून आणून दिलेल्या सीडीवर. तिच्यावरून कम्प्युटर सुरू केला तर काही न पुसता नक्षी बाहेर काढता येणार होती. पाकिटावर भावजयीने लिहिलं होतं, ‘सीडीवरून सुरू करू का, असं तो विचारेल. लगेच कुठलंही बटण दाबा. नाही दाबलं तर तो आपल्या जुन्या वाटेने जाईल.’

तज्ज्ञाने बाह्या सरसावल्या. सीडी घातली, भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं. त्या एका बटणावर कम्प्युटर आणि पडदा दोन्ही होते. पडदा काळा, मग तीच मेली ओळ. त्याने सीडी पुसली, फुंकली, एकदा तर उलटीही घालून पाहिली. दर वेळी बटण बंद, बटण चालू, आणि हाताची घडी.

“सीडीच बोगस आहे,” तो शेवटी म्हणाला. “काही विचारत नाही, काही नाही. ताई, सोड नाद. हा डबा चालू झाला तर मिशी उतरवीन!”

समोरच्या न्हाव्याने दारातून मान बाहेर काढली. ती झुपकेदार मिशी सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

ताईचं भावाकडे लक्षच नव्हतं. दिवसभर मशीनपाशी बसून दोरा तुटल्याचं तिला कानाने कळायचं, आणि आता तिचा कान सीडीकडे होता. सीडी घूं करून फिरायची, जरा रेंगाळायची, मग गप्प व्हायची. म्हातारा पडदा उजळायचा तो त्याच्याही नंतर.

“अरे, तो विचारतोय!” ती ओरडली.

“कुठे?”

“अंधारात! हा पडदा डोळे उघडेपर्यंत तो विचारून मोकळा होतो. आणि तू बसतोस घडी घालून.”

“पण दिसल्याशिवाय बटण दाबायचं कधी?”

“सरक.”

तिने भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं आणि कम्प्युटरच्या खोक्याला कान लावला. सीडी घूं करू लागताच ती काळ्या पडद्यासमोर कीबोर्डच्या लांब बटणावर बोट आपटत सुटली. तज्ज्ञाने कपाळाला हात लावला. पण या खेपेला सीडी गप्प झाली नाही. ती फिरतच राहिली. पडदा उजळला तेव्हा त्यावर ती ओळ नव्हती. निळ्या रंगावर लहान लहान चित्रं येऊन बसली होती.

ताईने एक कप्पा उघडला, त्याच्या आतला दुसरा उघडला. सगळी नक्षी जागच्या जागी होती. वेली, शाळांची बोधचिन्हं, शाळेच्या नाटकासाठी केलेल्या खोट्या मिश्या, आणि तिचं पहिलंवहिलं वाकड्या मानेचं बदक. ताईला रडू फुटलं आणि रडता रडता ती हसायला लागली. शेवटची नक्षी पेनड्राइव्हवर उतरेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही. मग तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. “खुशाल या हो. आता पुसा काय पुसायचं ते!”

“मी म्हणतच होतो, होईल काहीतरी,” तज्ज्ञ दाराकडे सरकत म्हणाला.

“थांब रे जरा.”

ताईने पेनड्राइव्ह मशीनला लावला आणि काळा दोरा ओवला. मशीन खडखडत सुटलं. तो आवाज ऐकून तिचा ऊर भरून आला. काम झाल्यावर तिने दोरा कापला, कात्रीने कडा नीट केल्या आणि ती झुपकेदार काळी मिशी भावाच्या तळहातावर ठेवली.

“घे. परत येताना ही लावून ये.”

समोर न्हाव्याने खुर्ची झटकून तयार ठेवली होती.