पास होण्याआधी चढू नये

बोलोन्याहून परत आल्या दिवसापासून हमीद परकार फोटोंचं पाकीट खिशात घालून हिंडत होता. बहारीनमध्ये, मनामातल्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले, ते बायकोच्या हाती पडण्याआधी टॅक्सीवाल्याने पाहिले. मशिदीत जोडे काढताना चारचौघांनी पाहिले. तो नोकरीला होता त्या बिस्किटांच्या कारखान्यात तर पॅकिंगच्या पट्ट्यावरचा एकही माणूस सुटला नाही. बोलणं ठरलेलं. "ह्यो माझा अर्शद. इटलीतला बोलोन्या शहर हाय ह्यो. दुनियेतली सगळ्यात जुनी युनिव्हर्सिटी. अर्शद तितंच इंजिनियर होतोय. शेवटचा वर्ष."

लोक पाहायचेही कौतुकाने, कारण हमीदने केलं ते आक्रीतच होतं. आखातातला माणूस सुट्टी मिळाली की गावाला जातो. दोन वर्षांची सुट्टी साठवून कुणी तिसऱ्याच मुलखात गेल्याचं बहारीनमधल्या दाभोळवाल्यांनी ऐकलं नव्हतं. "गाव सोडून इटली? कोन मेलाय काय तितं?" असं एका म्हाताऱ्याने तोंडावर विचारलं. हमीदचं उत्तर तयार होतं. "गाव खयं पळून जातो काय? अर्शद पास झाला की आमी कायमचे जानार. खलास."

त्या घरातला हिशेब एवढाच होता. वीसेक वर्षं हमीदने बहारीनमध्ये मशीनं दुरुस्त केली होती. गुडघे गेले होते, गेल्या उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडला होता, डॉक्टरने घरी जा म्हणून सांगितलं होतं. पण अर्शद पास व्हायचा होता. हुस्ना, त्याची बायको, तीसुद्धा प्रत्येक गोष्ट त्याच खुंटीला टांगायची. गावच्या घराची कौलं बदलायचीत? अर्शद पास झाल्यावर. भाचीचं लग्न? तेही अर्शद पास झाल्यावर. भाची बिचारी थांबली नाही, तिला आता दोन मुलं होती.

इटलीचं सामानही हुस्नाने गावाला जाताना बांधतात तसंच बांधलं होतं. मोठा खोका, त्याला नायलॉनची दोरी, आणि चारी बाजूंना मार्करने नाव. फक्त दाभोळच्या जागी बोलोन्या. आत सुकट, आमसुलं आणि तिच्या हातचा मसाला. विमानतळावरच्या साहेबाने दोरी कापून खोका उघडला, सुकटीचा वास घेतला आणि एक अक्षर न बोलता स्वतःच्या हाताने बंद करून दिला.

शहर हमीदला फार आवडलं. लाल विटांचं, शेकडो वर्षांचं, आणि रस्त्याच्या कडेने बघावं तिथे कमानी. कमानींखालून अख्खं गाव पालथं घातलं तरी पावसाचा थेंब डोक्यावर पडत नव्हता. "बांधनाऱ्याला पावसाची अक्कल होती," असा शेरा त्याने मारला, आणि कोकणातल्या माणसाकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नसते. अर्शदने त्यांना युनिव्हर्सिटीची जुनी इमारत दाखवली. भिंतींवर छतापर्यंत जुन्या विद्यार्थ्यांची निशाणं रंगवलेली होती. "तुझा खयं लागनार?" हमीदने विचारलं. "ते जुन्या काळात, अब्बा. आता नाही लावत," असं म्हणून अर्शद पुढे निघाला.

शेवटच्या दिवशी ते मनोरे. एके काळी तिथल्या बड्या घराण्यांनी एकमेकांची जिरवायला असे पुष्कळ मनोरे बांधले होते म्हणे. उरल्यासुरल्यांतले दोन भर चौकात शेजारी शेजारी वाकडे उभे आहेत. त्यातल्या उंच मनोऱ्यावर आतल्या लाकडी जिन्याने चढता येतं. हुस्ना खाली बाकावर बसली. हमीदने गुडघ्याला पट्टा बांधला आणि अर्शदला घेऊन तो वर गेला. वर एका परक्या बाईने दोघांचा फोटो काढला. मागे लाल छपरं, हमीद बत्तिशी दाखवतोय, अर्शदचा हात बापाच्या खांद्यावर. पाकिटात हाच फोटो सगळ्यांत वर असायचा.

बुधवारी कारखान्यात रेनातो आला. कारखान्यातली पॅकिंगची मशीनं बोलोन्यातच बनलेली होती, आणि रेनातो वर्षातून एकदा ती तपासायला यायचा. उरलेलं वर्ष तो असाच देशोदेशी भटकायचा. अर्शदला तिकडे शिकायला घालायची कल्पना मुळात त्याचीच, प्रवेशाचे कागदही त्यानेच फिरवले होते. त्यामुळे हमीदने त्याला हातही धुऊ दिले नाहीत, फोटो पुढे केला.

रेनातोने फोटो पाहिला आणि हमीदला मिठीच मारली. "मला सांगितलं नाहीस!" तो त्याच्या मोडक्या इंग्रजीत ओरडला. "पास झाला! कधी?"

"अजून नाय. शेवटचं वर्ष."

"पण हा तर वर उभा आहे."

"मग?"

रेनातो हसत सांगू लागला. बोलोन्यात शिकणारं पोर पदवी हातात पडेपर्यंत त्या मनोऱ्यावर पाय ठेवत नाही. ठेवला तर पदवी कधीच मिळत नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या मानतात. तो स्वतः पास झाला त्या दुपारी पहिल्यांदा चढला होता, आई-बापाला घेऊन. सांगता सांगता त्याचं लक्ष हमीदच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचं हसू विरलं. "म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी," तो घाईने म्हणाला. "हल्ली कोण मानतं?" आणि नीट चाललेल्या मशीनचं झाकण उघडून तो आत डोकं घालून बसला.

हेच वाईट झालं. रेनातो नुसता हसला असता तर हमीदही हसला असता. पण त्याने जी सारवासारव केली, तिनेच हमीदचा जीव टांगणीला लागला. सगळी पोरं पाळतात तर अर्शद कसा चढला? तो शिकतो तरी आहे ना?

दुपारच्या सुट्टीत तो अकाउंट्समधल्या शिरीष गोखल्यांकडे गेला. शिरीष पुण्याचा, त्यामुळे मत विचारायचा अवकाश. "हमीदभाई, थोतांड आहे हो सगळं. आमच्याकडे परीक्षेला जाताना हातावर दही घालतात. मी दही न खाता गेलो आणि बोर्डात आलो."

"पर सगळी पोरं मानतात म्हनतो तो. मग ह्यो का चढला?"

"तुमच्यासाठी! असला गुडघा घेऊन तुम्ही निघालात, तो काय तुम्हाला एकटं सोडणार? मुलगा गुणी आहे तुमचा. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

हमीदला एकदम आठवलं. मनोऱ्याच्या दाराशी अर्शद घुटमळला होता! "अब्बा, तुम्ही जा, मी अम्मीजवळ थांबतो," असं म्हणाला होता. इकडेतिकडे बघत होता, पाय उचलत नव्हता. हमीदनेच त्याचा दंड धरून ओढला होता. म्हणजे पोरगा मानत होता! मानत होता, म्हणजे शिकत होता. बापासाठी त्याने मन मारलं होतं. बुडत्याला काडी मिळाली. हमीद खुशीत येऊन शिरीषला चहा पाजून आला.

ती खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. मग दुसरा किडा वळवळू लागला. शिकत होता, मानत होता, आणि आपण त्याला ओढून वर नेलं! आता नापास झाला तर? हमीद नमाजी माणूस, असल्या शकुनांवर विश्वास ठेवणं त्याला गुन्हा वाटायचं. त्याने तोबा केली. तोबा करून झाल्यावर पुन्हा तोच विचार आला.

गुरुवारी सुट्टी होती. हमीदने बंद न पडलेला पंखा उघडला, पुसला आणि परत लावला. मग पायी मुहर्रकच्या किनाऱ्यापर्यंत गेला, तिथे बसवेना म्हणून परत आला. हुस्ना बघत होती. "काय झाला? असा पिंजऱ्यातल्या कोंबड्यासारखा काय करताव?"

"कुठं काय? गुडघा दुखतो."

"गुडघा दुखतो तर बसा की एका जागी!"

तो बसला, आणि अर्शदने दोन वर्षांत अभ्यासाबद्दल काय काय सांगितलं ते आठवू लागला. 'ठीक चाललंय, अब्बा.' पुढे काही आठवेना. पोरगा फोनवर बोलायचा भरपूर, पण ते अम्मीच्या कालवणाबद्दल, तिकडच्या थंडीबद्दल, अब्बांच्या गुडघ्याबद्दल. हमीदने मशीनं दुरुस्त करण्यात जन्म घालवला होता. आवाज बदलला की आत काय बिघडलंय ते त्याला लांबून कळायचं, आणि स्वतःच्या मुलाचा आवाज ऐकताना त्याने कान बंद ठेवले होते. त्याला स्वतःची चीड आली. मग वाटलं, नसती शंका घेतो आपण, लेकरावर शंका घेतो. त्याचीही चीड आली.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दर आठवड्याला ते अर्शदला फोन लावायचे. एरवी आधी हुस्ना बोलायची. आज हमीदने नंबर फिरवला आणि तिला म्हणाला, "वाईच च्या टाक." ती नवल करत आत गेली.

"अब्बा? आज तुम्ही आधी?"

रात्रभर जुळवलेली सगळी वाक्यं हमीद विसरला. "अर्शद, त्या मनोऱ्यावर तू का चढलास?"

हमीदने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"रेनातो आला होता," हमीद म्हणाला. "मी त्याला फोटो दाखवला. सांग, माझ्यासाठी चढलास ना? मी ओढला म्हनून? तू खाली घुटमळत होतास, माझ्या ध्यानात हाय. मी जबरदस्ती केली. पर असल्या गोष्टी मनात नाय ठेवायच्या बाळा, अल्ला बघनारा हाय. तू परीक्षा दे."

"अब्बा, लिसन."

"घाबरू नको. पास व्हशील."

"अब्बा, मी त्यासाठी नव्हतो घाबरत." अर्शदचा आवाज अगदी खाली गेला. "तिथे माझ्या जुन्या क्लासमधलं कोणी बघितलं असतं तर मी पास झालो समजून सगळ्यांनी काँग्रॅच्युलेशन्स म्हणून गोंधळ घातला असता. तुमच्यासमोर. म्हणून थांबलो होतो."

हमीदला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो खुर्चीच्या हाताला धरून खाली बसला.

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली. तोंडी परीक्षा, सगळं इटालियनमधून. तीन वेळा बसलो. मग सोडलं. एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. काम चांगलं आहे, अब्बा. मालक चांगला आहे."

"दोन वर्षं," हमीद म्हणाला. त्याला ओरडायचं होतं. या दोन वर्षांत दोन उन्हाळे गेले होते, दोनदा तो मशीनपाशी पडला होता, आणि उठून त्याने परत पाना हातात घेतला होता, कारण पोरगा अजून पास व्हायचा होता. "मी हितं कशासाठी थांबलो मग? कुनासाठी?"

अर्शद रडत होता. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही ओढलंत तेव्हा ठरवलं, वर गेल्यावर सांगायचं. खरंच सांगणार होतो. पण तुम्ही वर पोचलात आणि मला विचारलंत, आपला गाव कुठल्या बाजूला? तू पास झालास की आमी त्या बाजूला निघालो म्हणालात. तुमचा चेहरा बघून मला नाही जमलं, अब्बा. सॉरी."

भ्याड, असं हमीदच्या अगदी ओठांवर आलं. पण बोलला भलतंच. "लेथवर चष्मा लावतोस काय? डोळे सांभाळ. नंतर फोन करतो." आणि त्याने रिसीव्हर ठेवला.

हुस्ना चहा घेऊन आली. "ठेवलाव? माझ्याशी नाय बोलला? काय म्हनतो?"

हमीदने कप घेतला नाही. "हुस्ना," तो म्हणाला, "मी राजीनामा देतो. आपून गावाला जाऊ."

"कवा?"

"ह्याच महिन्यात. हितला संपला आपला."

हुस्नाने हातातला ट्रे जागच्या जागी खाली ठेवला. तिचा चेहरा असा उजळला की वीस वर्षांत हमीदने तो तसा पाहिला नव्हता. "पास झाला!" ती म्हणाली. "झाला ना? या अल्ला, माझा अर्शद पास झाला!" तिने पदर डोक्यावर घेतला, दुआसाठी हात उचलले, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग ती शेजारी सांगायला म्हणून दाराकडे वळलीसुद्धा.

हमीद तिच्याकडे बघत राहिला. क्षणभरापूर्वी ज्याला तो भ्याड म्हणणार होता, त्याचं त्या दिवशी मनोऱ्यावर काय झालं असेल ते त्याला आता पुरतं कळलं. होय म्हणावं, निदान आजचा दिवस, असं फार फार वाटलं.

हुस्नाने कडी काढली.

"थांब," हमीद म्हणाला. तो उठला, त्याने तिचा हात धरून तिला परत आणलं आणि खुर्चीत बसवलं. "नाय झाला, हुस्ना. होनार पन नाय. आदी माझा ऐक."