बाजू एकची आई

मी एक जुनी आई आहे. माझ्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, पण त्या वयाच्या नव्हेत, गाण्याच्या आहेत. मित्रांनो, नीट बसा आणि मध्ये बोलू नका. मी निकेलची, ताटाएवढी, चकचकीत तबकडी आहे. गाण्याच्या तबकड्या छापणाऱ्या कारखान्यात माझ्यासारखीला ‘आई’ म्हणतात. हे लाडाचे नाव नव्हे, हुद्दा आहे. आणि तो मी मिरवते.

आधी आमचे कूळ ऐका. एका बाईने बंद खोलीत एक गाणे म्हटले. त्या गाण्याची केसाहून बारीक खाच लाखेच्या मऊ पाटीवर कोरली गेली. पाटीवर चांदीचा फवारा मारला, तिला विरघळलेल्या निकेलच्या टाकीत सोडले, पाण्यात वीज खेळवली आणि तिच्यावर धातू चढून जो ठसा निघाला तो ‘बाप’. बापाच्या अंगावर खाचांऐवजी उंचवटे असतात, म्हणून त्याला गाता येत नाही. त्याच्यावर पुन्हा धातू चढला आणि मी जन्मले. माझ्या अंगावर खाचा आहेत. सुई ठेवा, मी स्वतः गाते! माझ्यावरून जो ठसा काढतात ती ‘लेक’. लेक छापयंत्रात जाते, गरम प्लास्टिकचा गोळा दाबून चपटा करते आणि तुमच्या घरी वाजते ती काळी तबकडी बाहेर पडते. म्हणजे तुमच्याकडे येते ती माझी नात. बाप कपाटात, आई कामात आणि लेक चटक्यात, असा आमचा संसार.

त्या संसारात स्वस्थता मला कधी लाभली नाही. हजारभर दाब सोसले की लेक झिजे, नातींचा आवाज खरखरू लागे आणि मला पुन्हा टाकीत उतरावे लागे. दर वेळी एकच धास्ती. टाकीत सोडण्याआधी आईला पिवळ्या पाण्यात बुडवावे लागते. त्याने अंगावर एक पडदा धरतो, इतका पातळ की डोळ्यांना दिसतही नाही. तो असला तर लेक आईपासून सुटते. नसला, तर लेक आईला अशी बिलगते की दोघींचा मिळून एकच ठोकळा होतो. माझी जाऊबाई, त्याच तबकडीच्या मागच्या बाजूची, म्हणजे बाजू दोनची आई, तशीच गेली. पाचर घालूनही दोघी सुटेनात. दोघींना एकत्रच भंगारात टाकले. मी फळीवरून ते पाहिले आणि तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही.

पुढे आमच्या गाण्याची मागणी सरली. कपाट सरकवताना बापाला पोचा पडून तो वाकला. मी कागदात गुंडाळलेली, फळीवर उभी. भंगाराची गाडी येई, फळ्या रिकाम्या होत, आणि दार वाजले की मी कागदातल्या कागदात शहारे.

एके दिवशी दार वाजले आणि एका बाईने उंबऱ्यातूनच विचारले, “आई आहे का हो इथे?”

टाकीमामांनी मान वर केली. हयात टाकीवर गेली म्हणून सारे त्यांना याच नावाने ओळखत. “आई आहे,” ते म्हणाले. “बाप मात्र वाकलाय.”

बाई गोंधळली. “वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी आईच्या गाण्याबद्दल विचारतेय.”

“मग मी कशाबद्दल सांगतोय, ताई?”

ती माझ्या गाणाऱ्या बाईची मुलगी निघाली. गाणारी आता राहिली नव्हती. घरात तिची एकच तबकडी उरली होती आणि ती उन्हात राहून वाडग्यासारखी वाकली होती.

“दादा म्हणतो उन्हात धाकटीनं ठेवली, धाकटी म्हणते दादानं. दोघांचं बोलणं बंद. मी मधली, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारी. तिघांना तीन तबकड्या द्या, मामा. नाहीतर आईबरोबर आमचं घरही गेलंच म्हणायचं.”

मामांनी मला उजेडात धरून न्याहाळले. “बाप गेला, त्यामुळे दुसरी आई काढता येणार नाही. एकच संधी आहे: लेक चिकटली तर हीही गेली. लेक सुटली तर सुटली.”

कामाला सुरुवात झाली. मामा मला धूत होते आणि मुलगी आईच्या गोष्टी सांगत होती: ती चुलीशी गुणगुणायची कशी, रागावली की सूर कसा चढायचा. मामाही रंगले. हसता हसता त्यांनी मला आकड्याला अडकवले आणि थेट निकेलच्या टाकीवर नेले. पिवळे पाणी बाजूलाच राहिले! मित्रांनो, मी गाऊ शकते, पण ओरडू शकत नाही. खाली पाणी दिसत होते आणि जाऊबाई आठवत होती.

तेवढ्यात मामी आल्या. त्या लेबले भाजतात. हसू नका! कागदात ओल राहिली तर छापताना लेबलाला फोड येतात, म्हणून ती भट्टीत सुकवावी लागतात. हातात लेबलांचा ट्रे तसाच धरून त्या म्हणाल्या, “अहो, थांबा. हातमोजे बघू.”

“आता काय झालं?”

“पांढरे आहेत.”

“मग? स्वच्छ राहिलो तरी बोलणी?”

“जन्मभर घरी पिवळे डाग आणलेत. माझी एक उशी सोडली नाहीत. आणि आज आईला टाकीत सोडताय नि हात पांढरे?”

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी मला वर घेतले आणि पिवळ्या पाण्यात नेले.

मग टाकीत कणाकणाने लेक माझ्यावर चढत गेली. बाहेर काढल्यावर मामांनी कडेला पातळ पाते सरकवले. खरे सांगते, तेव्हा मलाच लेकीला धरून ठेवावेसे वाटले. यापुढे गाणे मागायला कोण येणार नि दुसरी लेक कुठून होणार? पण मध्ये पडदा होता. ‘टच्’ असा आवाज झाला आणि ती सुटली. अंगावर एक ओरखडा नाही. ना तिच्या, ना माझ्या.

पहिली नात छापून आली, तिच्यावर सुई ठेवली. गाण्याआधी ऐकू आला तो गाणाऱ्या बाईने घेतलेला श्वास. मुलीने तोंडावर हात धरला. “आई!”

“बाजू एक,” मामा सवयीने म्हणाले.

“गप्प बसा हो,” मामींनी कोपर मारले.

मुलीने फोन लावला. “दादा, भांडू नकोस, बोलूही नकोस. नुसतं ऐक.” आणि सुई पुन्हा पहिल्या खाचेवर आणून ठेवली. गाणे संपले. मग पलीकडून एक घोगरा आवाज आला, “धाकटीला ऐकवलंस का?”

मित्रांनो, तबकडीला बोटे फासू नका, कडेने धरा. उन्हात ठेवू नका, उभी ठेवा. आणि ज्यांच्यावर माया आहे त्यांना इतके बिलगू नका की सुटताना दोघेही मोडतील. एक पातळ पडदा असू द्या. तो दुरावा नव्हे. त्याच्यामुळेच लेक जगात जाऊन गाते आणि आई आई राहते.

मी पुन्हा फळीवर आहे. दार वाजले की अजून शहारते. भंगाराची गाडी असेल, किंवा कुणी उंबऱ्यातून विचारेल, “आई आहे का?” विचारत राहा. तोवर मी आहे.